सालीखालचा उशीर

बसा. पायरीवर, खुर्चीत, गवतावर, जिथे पाठीला टेकू मिळेल तिथे. घाई करू नका. ज्या गोष्टीकडे आज बघायचं आहे ती तुम्ही पोचायच्या आधीच बरीचशी होऊन गेली आहे. आणखी पाच मिनिटांनी काही बिघडत नाही.

समोर ॲशचं एक झाड आणा. डेट्रॉइट, क्लीव्हलंड किंवा शिकागोच्या उपनगरात राहत असाल तर ते खिडकीबाहेर असू शकतं. पंचवीस वर्षांपूर्वी तर बहुतेक असतंच. साताऱ्यात किंवा मडगावात बसून वाचत असाल तर पारिजातकापासून सुरुवात करा. दोघं एकाच कुळातली. जाई, जुई, मोगरा, ऑलिव्ह हीसुद्धा त्यातलीच. पारिजातकाची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीजोडीने येतात ते आठवा. ॲशचंही तसंच, फक्त पान संयुक्त: एका देठावर पाच, सात, नऊ पर्णिका. झाड मात्र साठ-सत्तर फूट उंच आणि सरळसोट. वय झालेल्या खोडावर तिरक्या चौकोनांची खोल जाळी. शरदात व्हाइट ॲश जांभळा होतो, ग्रीन ॲश पिवळाधमक, आणि एका पंखाच्या बिया घोसाघोसाने लटकतात. बेसबॉलच्या बॅटी, कुदळी-फावड्यांचे दांडे, आयर्लंडमधल्या हर्लिंगच्या काठ्या या लाकडाच्या, कारण ते धक्का सोसतं आणि चटकन तुटत नाही.

आपल्या समोरचं झाड आजारी आहे. त्याला काय झालंय हे लगेच नको. आधी वरपासून खालपर्यंत बघू. क्रम महत्त्वाचा आहे, कारण दुखणंही त्याच क्रमाने उतरलं आहे.

मान वर करा. शेंड्याच्या फांद्यांवर नजर ठेवा आणि तिथेच थांबा. पानांतून आकाश किती दिसतंय? भर जूनमध्ये एवढं दिसायला नको होतं. शेंडा विरळ झालाय, एखादी फांदी पार उघडी आहे. बहुतेक लोक इथे नजर काढून घेतात: यंदा पाऊस कमी झाला, गेला हिवाळा कडक होता, झाडाचं वय झालं. नजर काढू नका. कारण शोधू नका. फक्त विरळपणा बघा.

आता नजर खाली येऊ द्या. खोडाच्या मधल्या भागात, कधी अगदी बुंध्याशी, कोवळ्या हिरव्या फांद्यांचे झुबके फुटले आहेत. ते बघून जीव भांड्यात पडतो, झाड सावरतंय असं वाटतं. थोडा वेळ ते वाटू द्या. मग ते बाजूला ठेवा. वरचा पुरवठा तुटला की सालीखाली वर्षानुवर्षं निजलेले डोळे जागे होतात आणि झाड जिथे जमेल तिथे पालवी फोडतं. ही पालवी म्हणजे झाडाची निकराची धडपड आहे. डोळ्यांना मात्र ती सुधारणा वाटते, आणि त्या गैरसमजात एखादा उन्हाळा सहज निघून जातो.

आणखी खाली या. खोडावर फिकट पट्टे दिसतात. बाहेरची करडी साल खरवडून निघालेली, आतली बदामी उघडी पडलेली. हे सुतारपक्ष्यांचं काम. हिवाळ्यात त्यांनी इथे मुक्काम ठोकला होता, आणि ते उगाच ठोकत नाहीत. या सगळ्या प्रकरणात सर्वांत आधी आणि सर्वांत अचूक निदान करणारा जर कोणी असेल तर तो हा पक्षी. दुर्दैवाने त्याचा अहवाल आपण वाचत नाही.

मग डोळ्यांच्या उंचीवर एक भोक दिसतं. तीन-चार मिलिमीटरचं. नीट बघा: गोल नाही. एक बाजू सपाट, दुसरी वळलेली, इंग्रजी डी अक्षर आडवं पाडल्यासारखं. आत शिरायला केलेलं हे भोक नाही. कोणीतरी इथून बाहेर पडून गेलं आहे. जो गेला तो एक भुंगेरा, एमराल्ड ॲश बोअरर. लांबी सेंटिमीटरभर, अंग पाचूसारखं हिरवं, धातूसारखं चमकणारं, पंख उघडले तर खाली तांबूस-जांभळं पोट. पाठ सपाट आणि पोट गोलसर, म्हणून दारही तसंच. देखणा प्राणी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो स्वतः पानांच्या कडा कुरतडतो, त्याने झाडाचं फारसं बिघडत नाही. काही आठवडे जगतो. मादी सालीच्या फटींत अंडी घालते आणि मरते.

आता डोळे मिटा. पुढचा भाग उघड्या डोळ्यांनी दिसणारा नाही.

सालीच्या आत जा. बाहेरची मृत, खरखरीत साल ओलांडली की एक ओला, पातळ थर लागतो. पानांनी बनवलेलं अन्न या थरातून खाली मुळांकडे जातं. त्याला लागूनच वाढीचा थर, आणि त्याच्या आत नवं लाकूड. मुळांकडून पाणी वर चढतं ते या लाकडातून, आणि ॲशमध्ये ते मुख्यतः सगळ्यात बाहेरच्या, यंदाच्या वलयातून चढतं. साठ फुटांचं झाड, दोन हातांत न मावणारं खोड, आणि त्याचं जगणं बोटाच्या पेराहून पातळ अशा एका नळकांड्यात. आतला सगळा भरीव गाभा आधारापुरता. इथे थोडं थांबा. झाडाकडे बघताना आपण नेहमी गाभ्याचा विचार करतो, जिवंत भाग मात्र परिघावर असतो.

याच थरात अळी आहे. अंड्यातून निघाली की ती साल पोखरून इथे येते आणि खात निघते, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नागमोडी. मलईच्या रंगाची, चपटी, वाढून तीन सेंटिमीटरपर्यंत जाणारी. जुलैपासून थंडी पडेपर्यंत खाते, मग दुमडून हिवाळा काढते, वसंतात कोषात जाते, जूनच्या आसपास ते डी आकाराचं दार पाडते. एक अळी झाडाला भारी नाही. पण नागमोडी वाटा एकमेकींना भेटत जातात, आणि शेवटी खोडाभोवतीचं वर्तुळ पूर्ण होतं. त्या रेषेच्या वर पाणी नाही, खाली अन्न नाही.

कोकणातल्या वाचकाला इथे भिरूड आठवेल. आंब्याच्या खोडाला भोक, भोकातून गळणारा भुसा, मग तार घालून अळी ओढून काढायची आणि भोक बुजवून टाकायचं. कष्टाचं, पण जमणारं काम. कारण आंब्याचा खोडकिडा भुसा बाहेर टाकून आपला ठावठिकाणा सांगतो. ॲशमधली अळी भुसा मागेच ठेवते, आपल्याच वाटेत ठासून. बाहेर काही सांडत नाही. शिवाय ती सुरुवात शेंड्याकडच्या फांद्यांपासून करते आणि पिढ्यांगणिक खाली उतरते. म्हणजे डोळ्यांच्या उंचीवर तुम्हाला पहिलं भोक दिसतं तेव्हा वर दोन-तीन वर्षांचा कारभार आधीच उरकलेला असतो.

या उशिराशी जरा बसू. त्याला हाकलू नका, त्यावर अपराधी वाटून घेऊ नका. फक्त त्याची लांबी बघा.

एक उशीर झाडाचा: लागण झाल्यापासून मरेपर्यंत साधारण तीन ते पाच वर्षं, आणि लक्षणं त्यातल्या शेवटच्या भागात. त्यामागे शहराचा उशीर. आग्नेय मिशिगनमध्ये ॲश मरताहेत हे दिसत होतं. हा भुंगेरा ओळखला गेला २००२ च्या उन्हाळ्यात, डेट्रॉइटजवळ, आणि त्याच वर्षी नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरमध्ये. नंतर संशोधकांनी मेलेल्या झाडांची वर्षवलयं मोजून माग काढला, तेव्हा तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आणि कॅन्टन नावाच्या उपनगराच्या परिसरापर्यंत पोचला. आज त्या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी घरंही बरीच. ज्या रस्त्यांवर आता नव्या जातींची रोपटी काठ्यांना बांधून उभी दिसतात, तिथे दहा-बारा वर्षं हा कीटक कोणाच्याही नोंदीत नसताना वाढत होता.

त्याच्याही मागे जा. आला कुठून? मूळचा तो चीन, कोरिया, रशियाचा अतिपूर्व भाग इथला. लेऑं फेअरमेअर या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने १८८८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्यात कोणाला भयंकर काही दिसलं नाही. दिसण्याचं कारणही नव्हतं. तिथला मांचुरियन ॲश या अळीबरोबरच वाढलेला आहे. तो तिला बऱ्यापैकी आवरतो, आणि किडीला बळी पडतात ती मुख्यतः आधीच खंगलेली झाडं. अमेरिकेत तो बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून, फळ्यांतून आला. पुढचा प्रवास माणसांनी सुट्टीत करून दिला: जळाऊ लाकडं गाडीत टाकायची आणि दोनशे मैलांवर तंबू ठोकायचा.

इथे एक विषयांतर करतो. वाहतूक एकाच दिशेने झाली असं समजू नका. २०१८ मध्ये मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आधी कर्नाटकात आणि मग महाराष्ट्रात आली, आणि आपल्या मका उत्पादकाची झोप उडाली. तिच्यावर शेतकरी जी औषधं फवारतात त्यांतलं एक इमामेक्टिन बेन्झोएट. ॲशच्या खोडात टोचतात तेही हेच. एक कीड इकडून तिकडे गेली, दुसरी तिकडून इकडे आली, आणि दोन्हीकडे औषध एकच. याचा अर्थ लावू नका, नुसतं ध्यानात असू द्या.

आणखी एक उशीर बघायचा राहिला. एवढी ॲश रस्त्यांवर आली कशी? विसाव्या शतकात डच एल्म रोगाने मध्य-पश्चिमेतल्या शहरांची एल्मची कमानदार छतं संपवली. रिकाम्या जागी लवकर वाढणारं, मीठ-थंडी-दगडगोटे सोसणारं झाड हवं होतं. ॲश तसं होतं. रोपवाटिकांनी ते पुरवलं, पालिकांनी ओळीने लावलं. एका जातीची रांग मेली म्हणून दुसऱ्या जातीची रांग लावली गेली. हे शहाण्या, सद्हेतूच्या माणसांनी केलं, आणि त्या वर्षी त्या कचेरीत आपण असतो तर आपणही तेच केलं असतं असं मला वाटतं.

डोळे उघडा. झाड अजून समोर आहे आणि आता त्याचं काही करायचं आहे.

आधी मोजा. शेंड्याचा किती भाग गेलाय? निम्म्याहून जास्त गेला असेल तर औषध टोचण्यात अर्थ नाही. पाणी चढवणारी वाटच उरली नसेल तर औषध कशातून चढणार? तीस टक्क्यांच्या आत असेल तर वाचण्याची आशा चांगली. इमामेक्टिनचं काम असं चालतं: वसंत सरताना, पानं पूर्ण उमलल्यावर, बुंध्याशी छिद्रं पाडून औषध दाबाने आत सोडतात. झाडच ते वर नेतं. परिणाम दोन वर्षं, कधी तीन. मग पुन्हा. म्हणजे झाड राखायचं ठरवलंत तर ते एका खर्चापुरतं नसतं, घरात एखादं नवं माणूस आणल्यासारखं असतं. आणि घर विकलंत तर ते काम पुढच्या मालकाच्या गळ्यात.

म्हणून आता एक अवघड गोष्ट करून बघा. मनात तुमच्या आवारातली, गल्लीतली सगळी ॲशची झाडं उभी करा आणि त्यातलं एक निवडा. घरावर दुपारची सावली धरणारं, निरोगी, मोठं. ते राखायचं. बाकीच्यांकडे एकेक करून बघा आणि ती जाणार आहेत हे मान्य करा. सगळी वाचवायचा निश्चय मला भाबडा वाटतो, आणि ‘निसर्ग बघून घेईल’ हे त्याहून वाईट वाटतं, कारण या भुंगेऱ्याला खोक्यात भरून निसर्गाने पाठवलेलं नाही. निवड करताना मनात जी टोचणी होते ती होऊ द्या.

जी जाणार त्यांचीही एक वेळ असते. मेलेला ॲश लवकर ठिसूळ होतो. धक्का सोसण्यासाठी नावाजलेलं लाकूड सुकून असं फसवं होतं की झाड तोडणारे कामगार त्यावर चढायला तयार नसतात; मग क्रेन, बकेट ट्रक आणि वाढलेला खर्च. घरावर, रस्त्यावर झुकलेलं झाड जिवंत असतानाच उतरवणं हे सगळ्यांच्या हिताचं. पानं असलेलं झाड पाडताना शेजारी थांबून विचारतील, अहो, हे तर हिरवं आहे! त्यांना शेंडा दाखवा.

आणि रस्ता उघडा पडल्यावर जे उरतं त्याकडेही बघा. २०१३ मध्ये अमेरिकी वन सेवेतले जेफ्री डोनोव्हन आणि सहकाऱ्यांनी १५ राज्यांतले मृत्यू आणि ॲशचा ऱ्हास शेजारी ठेवून बघितला. १९९० ते २००७ या काळात, लागण पोचलेल्या जिल्ह्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे १५,०८० आणि श्वसनमार्गाच्या विकारांचे ६,११३ मृत्यू जास्त झाल्याचं त्यांना दिसलं. असे आकडे समोर आले की मी सावध होतो. दोन गोष्टी बरोबर चालल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. पण हा कीटक माणसांचं उत्पन्न किंवा सवयी बघून वाट ठरवत नव्हता, म्हणून हा अभ्यास सहज झटकून टाकता येत नाही.

आता उपनगर सोडून उत्तरेकडच्या दलदलीत चला. तिथे ब्लॅक ॲश आहे, पाण्यात पाय घालून उभा. मेन राज्यातले पासामाक्वॉडी आणि पेनॉबस्कॉट, अक्वेसास्नीचे मोहॉक, ग्रेट लेक्सकाठचे ओजिब्वे आणि पोटावाटोमी यांच्या टोपल्या या झाडाच्या. यांतल्या मेनच्या वाबनाकी लोकांच्या आद्यकथेत ग्लुस्कॅप या नायकाने ॲशच्या खोडात बाण मारला आणि त्या फटींतून माणसं बाहेर आली. टोपलीसाठी ओंडका करवतायचा नाही. त्याच्या अंगावर सगळ्या बाजूंनी हातोडा किंवा कुऱ्हाडीची बोथट बाजू मारत राहायचं. वसंतातलं सच्छिद्र लाकूड चिरडतं आणि एकेका वर्षाचं वलय लांब पट्टीसारखं सुटून येतं. टोपली विणणाऱ्याच्या हातात अक्षरशः एकेक वर्ष असतं. ओला उन्हाळा जाड, कोरडा पातळ.

तो आवाज कानात आणा. ठोका, आणि ठोका, आणि सुटणारी पट्टी. हे कसब पुस्तकातून येत नाही. झाड निवडण्यापासून शिकवावं लागतं, आणि शिकवायला झाड लागतं. बरीच खोडं तपासून एखादं चालतं. त्यामुळे तिथे सध्या दोन कामं घाईने चालली आहेत, मुलांना शिकवणं आणि लाकूड साठवणं. ओंडके साडेतीन-चार महिने पाण्यात बुडवून ठेवले तर आतली अळी मरते आणि पट्ट्या सुटण्याइतका ओलावा टिकतो. पाण्यात ओंडके ठेवण्याची रीत या लोकांकडे आधीपासून होती, प्रयोगांनी तिला दुजोरा दिला. दलदलीचं मात्र असं साठवून भागत नाही. हजारो झाडं पाणी शोषायची थांबली की पाण्याची पातळी वर येते, आणि जंगल होतं तिथे गवताळ पाणथळ होऊ लागते.

२०१७ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने व्हाइट, ग्रीन, ब्लॅक, ब्लू आणि पंपकिन या पाच अमेरिकन ॲशना अतिसंकटग्रस्त ठरवलं. ग्रीन आणि व्हाइट ॲश तर इतके होते की कोणी त्यांना दुर्मीळ म्हणेल हे हास्यास्पद वाटलं असतं. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने या किडीमुळे ॲशचं लाकूड इकडून तिकडे नेण्यावर घातलेलं संघीय बंधन उठवलं. अडवण्यात आता हशील नाही, पैसा उपायांवर घालू, असा हिशेब. मला तो पटतो, आणि तरी तो वाचताना खिन्न व्हायला होतं.

त्या हिशेबातल्या उपायांकडे शांतपणे बघा, कारण त्यांचाही वेग सावकाश आहे. आग्नेय मिशिगनच्या अभ्यासलेल्या जंगलांत मोठी ॲश ९९ टक्क्यांहून जास्त मेली, पण तुरळक काही हिरवी उभी राहिली. ओहायोतल्या डेलावेअर इथे वन सेवेच्या जेनिफर कॉक आणि त्यांचे सहकारी अशा झाडांची कलमं करतात, खोडांवर भुंगेऱ्याची अंडी चिकटवतात, काही आठवड्यांनी साल सोलून किती अळ्या झाडाने स्वतः मारल्या ते मोजतात. वाचलेल्या दोन झाडांचा संकर केला तर काही संतती आईबापांहून चिवट निघते. पण हे समजण्यासाठी काही जंगलांतली झाडं कोणी न तोडता मरू द्यावी लागतात. सगळी आधीच कापली तर टिकणारं कोणतं होतं ते कळायचा मार्ग राहत नाही. घराजवळ तोडा आणि रानात थांबा, हे दोन सल्ले एकाच वेळी खरे आहेत. दोन्ही शेजारी ठेवून थोडा वेळ बसा.

शेवटी कुंपणाकडे नजर वळवा. झाडं मेली त्या जागी, बोराच्या काठीएवढी ॲशची रोपं दाटीने उगवलेली असतात. आईबाप मरण्याआधी पडलेल्या बियांची. त्यांच्या मागून नवं बी येणार नाही, ही रोपं मोठी होऊन फळेपर्यंत. २००७ पासून मिशिगनमध्ये आणि मग इतर राज्यांत चीनमधून आणलेल्या चिमुकल्या गांधीलमाश्या सोडल्या जातात. एक भुंगेऱ्याच्या अंड्यांत आपली अंडी घालते, इतर दोन सालीखालच्या अळीवर. त्यातली टेट्रास्टिकस नावाची माशी रोपांवर चांगली टिकली आहे. पण तिची अंडी घालायची नळी आखूड, त्यामुळे खोड साधारण १२ सेंटिमीटरहून जाड झालं की साल तिला भारी पडते. म्हणून २०१५ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेतून लांब नळीची दुसरी जात सोडायला परवानगी मिळाली. ती किती जाड खोडापर्यंत राखण करते हे रोपं वाढतील तसं दिसेल.

कुंपणातलं एक रोप उपटायचं नाही असं ठरवलंत, तर त्याचं खोड आज बोटभर आहे का बघा. अडीच सेंटिमीटरपर्यंत भुंगेऱ्याला त्यात फारसा रस नसतो. त्याला अजून काही उन्हाळे आहेत.